धातूची चकती आणि दापोडीची शीव

भूमापनाचा स्थिरबिंदू दाखविण्यासाठी जमिनीत वा कातळात जी धातूची गोल चकती बसवितात, ती कोठून येते, या प्रश्नाचे साधे उत्तर 'ओतशाळेतून' असे आहे. तथापि ते अपुरे आहे. ओतशाळेतून बाहेर पडणारी चकती म्हणजे काठावर खात्याचे वा संस्थेचे नाव असलेला, मध्यभागी कोरा ठेवलेला पितळेचा, काशाचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा होय. तिच्या पाठीमागे सिमेंटात रुतून बसेल असा एक दांडा असतो. बिंदूचे नाव व वर्ष ठशांनी हातोडीने ठोकून उमटवावयाचे ते जागेवरच. तेव्हापर्यंत ती केवळ वस्तू असते, खूण नसते.

हे काम कोणत्या कारागिराचे, याविषयी मराठीने फार पूर्वीच भेद करून ठेवला आहे. तांबट तो पत्रा ठोकून भांडे घडविणारा. ओतारी तो वितळलेला धातू साच्यात ओतणारा. पुण्याच्या तांबट आळीची कीर्ती पहिल्या कसबाची आहे. पाठीशी दांडा असलेली भरीव चकती मात्र ओताऱ्याच्या घरची. पितळ आणि कासे यांतही आपली भाषा गल्लत करीत नाही: तांब्यात जस्त मिसळले की पितळ, कथील मिसळले की कासे.

अशा चकतीचा सरकारी वापर दृढ झाला तो अमेरिकेत. १८९६ सालच्या एका कायद्याने तेथील भूगर्भीय सर्वेक्षण खात्यावर प्रत्येक टाउनशिपमध्ये निदान दोन कायमची तलचिन्हे बसविण्याचे बंधन घातले, आणि त्यांसाठी धातूच्या चकत्या व लोखंडी खांब वापरात आले. पुढे किनारा व भूमिती सर्वेक्षण खात्याने सुमारे साडेतीन इंच व्यासाच्या चकत्या देशभर बसविल्या. त्यांच्या काठावर एक इशाराही ओतलेला असे : ही खूण हलविणाऱ्यास अडीचशे डॉलर दंड अथवा कारावास.

महाराष्ट्रातील वाचकास हा इशारा अनोळखी वाटू नये. कोकणात व देशावर शिलाहार-यादवकाळातील जे गद्धेगाळ आढळतात, त्यांवर वर चंद्रसूर्य असतात आणि खाली, दान मोडणाऱ्यास, सभ्य लेखणीने पुन्हा लिहू नये अशी शिवी असते. अलिबागजवळील आक्षीच्या शिलालेखाचा काळ शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा ठरविला. मराठीच्या आरंभीच्या लेखांत गणला जाणारा हा लेखही याच जातीचा आहे. दंडाचे चलन बदलले, एवढेच. एक फरक मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. प्राचीन व्यवस्थेत धातू शेतात नसे. दानाच्या चतुःसीमा, ज्यांना लेखांत 'आघाट' म्हटले आहे, त्या ताम्रपटावर कोरीत आणि ताम्रपट घरात राही. शेतात उभा राही तो दगड. लेख आणि खूण यांची ही फारकत चकतीने मोडली. नाव, वर्ष आणि बिंदू एकाच धातूवर आले.

हिंदुस्थानात ती फारकत बराच काळ टिकली. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून विल्यम लँब्टनने ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला, त्याची खूण म्हणजे कातळात कोरलेले वर्तुळ आणि त्यातील टिंब. (लँब्टनचा अंत महाराष्ट्रातच झाला, २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाट येथे वारला.) जेथे कातळ नसे तेथे असा दगड पुरीत, त्याच्या नेमका वर चौथऱ्यावर दुसरा ठेवीत, म्हणजे वरचा कोणी उचलून नेला तरी खालचा राहावा. गरीब मुलखात उघड्या माळावर पितळ ठेवणे म्हणजे त्याला मोडीचा रस्ता दाखविणे होय. दगडाची निवड काटकसरीइतकीच शहाणपणाचीही होती, असे म्हणावे लागेल.

दापोडीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मुळेच्या काठचे हे गाव इंग्रजी दप्तरांत 'दापुरी' झाले, त्याच्या शेजारचे खडकी 'किर्की' झाले. दोन्हींत दोन स्वरांमधला मूर्धन्य 'ड' परक्या कानाला 'र' असा ऐकू आला. गावाचे स्थान अचूक मोजणाऱ्या राज्यकर्त्यांना गावाचे नाव मात्र अचूक टिपता आले नाही. १८१७ च्या खडकीच्या लढाईच्या वेळी कॅप्टन फोर्डची पलटण येथूनच निघाली. पुढे त्याच्या बंगल्याभोवती १८२८ मध्ये सरकारी वनस्पतिउद्यान उभे राहिले. त्याच शतकात सरकारी बांधकाम खात्याची कर्मशाळाही दापोडीस होती. अशा ठिकाणी चकती ओतणे मुळीच अवघड नव्हते. परंतु मुंबई इलाख्याची जमीनमोजणी, जी गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ नंतर इंदापुरापासून बसवीत आणली, तिला चकती नकोच होती. तिचे साधन तेहतीस फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली साखळी होते. तेहतीस फूट चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. तिच्या खुणा म्हणजे बांध, मातीचे बुरूज आणि हद्दीचे दगड. या शब्दांतच राज्यांचे थर दिसतात: 'शीव' संस्कृत सीमेपासून आली, 'हद्द' आणि 'बुरूज' अरबीतून फारसीमार्गे. विदर्भात याच बांधाला धुरा म्हणतात. दगड जपण्याची जबाबदारी जमिनीच्या धारकावर असे. १८७९ च्या जमीनमहसूल कायद्यात आणि त्याची जागा घेणाऱ्या १९६६ च्या संहितेतही ती कायम राहिली.

शेत होते तोवर ही व्यवस्था चालली, कारण नांगरणाऱ्याचे पोट बांधावर अवलंबून होते. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि या पट्ट्यातील शिवारे कारखान्यांखाली गेली. दगड जपणारा धारकच जेथे उरत नाही, तेथे दगड भरावात जातो. रस्ता रुंद होताना तर त्याची विचारपूसही होत नाही. मग हद्दीचा वाद उठला, की मोजणीदाराला तीन जुने, निर्विवाद दगड शोधीत दूरवर जावे लागते, आणि गुंठ्याच्या किमतीने घरे फुटतात.

उपग्रहाधारित मोजणीने आज स्थान सेंटिमीटरात काढता येते. म्हणून चकती अनावश्यक झाली, असे काही मानतात. वस्तुतः उपग्रह जे देतो ते अंक होत. मूळ मोजणीच्या वेळी हद्द कोठे होती, हे त्या अंकांना ठाऊक नसते. ते जुन्या नकाशातून आणि उरलेल्या दगडांतून काढावे लागते. दापोडीसारख्या गावी असे दगड शिल्लक आहेत तोवरच त्यांचे स्थान मोजून त्याशेजारी चकती बसविणे शक्य आहे. कोरी चकती बाजारात कोणालाही मिळते. तिच्या मध्यभागी काय ठोकावयाचे, ते मात्र त्या दगडालाच विचारावे लागते.