रविवारची शर्यत आणि सोमवारचा बाजार

मंडळी, संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. त्या दिवसांतल्या जनावरांच्या बाजारात एखादा जाणता शेतकरी खिलार खोंड कसा विकत घेतो, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तो आधी दात बघतो, मग खूर बघतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावले चालवून पाहतो. "पळतो कसा?" हा प्रश्न तो सगळ्यांत शेवटी विचारतो. कारण शर्यतीचे दिवस वर्षातून चार, आणि नांगर, कुळव, गाडी यांचे दिवस बाकीचे सगळे, हे त्याला पक्के ठाऊक असते. शर्यतीत पहिला आलेला बैल पेरणीच्या तोंडावर लंगडला, तर त्या ढालीचे करायचे काय?

आज आपल्याला बोलावयाचे आहे ते चार चाकांच्या खोंडाविषयी. घरी एक जुनी मोटार घ्यावयाची आहे. तिच्यातून मुलांना शाळेत सोडायचे, आजीला दवाखान्यात न्यायचे, सणावाराला पंढरपूर-तुळजापूर करायचे. आणि अधूनमधून एखाद्या रविवारी तीच गाडी हौसेच्या शर्यतीत उतरवायची. अशी गाडी कोणती घ्यावी? प्रश्न आजचा वाटतो खरा, पण आपल्या देशात तो सत्तर वर्षांचा जुना आहे. आणि त्याचे एक टोक थेट आपल्या सोलापुरात येऊन पोहोचते.

ज्या शर्यतीची गोष्ट आपण करतो आहोत तिला ऑटोक्रॉस म्हणतात. इंग्लंडात ती गवताच्या कुरणांवर सुरू झाली, अमेरिकेत मोकळ्या वाहनतळांवर रुजली आणि आपल्याकडे बहुधा मातीच्या मैदानावर होते. मैदानात शंकूच्या आकाराच्या खुणा मांडून वळणावळणाची वाट आखतात. बहुतेक ठिकाणी एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावून वेळ मोजतात. खुणेला धक्का लागला की वेळेत काही सेकंदांची भर पडते. म्हणजे इथे दुसऱ्याच्या गाडीला गाठावयाचे नसते; आपले हात, आपली नजर आणि आपला संयम यांची परीक्षा असते. सरळ रस्त्यावरच्या भन्नाट वेगाला येथे फारशी किंमत नाही. म्हणून तर साध्या घरगुती गाडीलाही या खेळात मान आहे.

आता सोलापूरचे टोक पाहू. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात एका व्यापारी घराण्यात वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून त्यांनी ठेकेदारीचा श्रीगणेशा केला. पुढे जहाजे, साखर, विमाने अशा एकेका उद्योगात हा माणूस शिरत गेला. मोटार आपल्या देशात बनली पाहिजे, या ध्यासाने १९४० साली त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. पण महायुद्धाच्या काळात परक्या सरकारला त्याची निकड वाटली नाही. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली आणि १९४७ मध्ये मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या डॉज आणि प्लिमथ जातीच्या, मोठ्या अंगाच्या, पेट्रोल पिणाऱ्या. सामान्य घराला परवडणारी लहान गाडी आली ती इटलीच्या फियाटशी हातमिळवणी झाल्यावर. १९५४ मध्ये फियाट ११०० कुर्ल्याला तयार होऊ लागली. दैव कसे पाहा, वालचंदशेठ त्याआधीच, ८ एप्रिल १९५३ रोजी, निवर्तले होते.

या फियाटचा पुढचा दरवाजा मागच्या बाजूने बिजागऱ्यांवर बसवलेला असे, त्यामुळे तो उलटा उघडे. तिचे बसके, गुबगुबीत रूप पाहून लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' असे प्रेमाचे नाव दिले. हिचीच सुधारलेली धाकटी बहीण म्हणजे १९६४ ची ११०० डी, आणि तीच पुढे १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत तुम्ही बसला असाल, तर हिच्याच मांडीवर बसला आहात. त्या टॅक्सींपैकी शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली.

आता प्रश्न असा, की या घरगुती गाड्या शर्यतीत शिरल्या कशा? उत्तर सरकारी धोरणात आहे. स्वातंत्र्यानंतर परकी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले. नुसते सुटे भाग आणून जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथे थारा उरला नाही. १९२८ पासून मुंबईत जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये काम थांबवले. मग बाजारात उरल्या मुख्यतः तीन गाड्या : उत्तरपाड्याची अँबॅसेडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. किमती सरकारने बांधलेल्या आणि नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षांची रांग. त्यामुळे एक चमत्कार घडे : रांगेत न थांबता हाती येणारी वापरलेली फियाट कधीकधी नव्या गाडीच्या ठरलेल्या किमतीहून महाग पडे!

अशा देशात शर्यतीसाठी वेगळी गाडी आणणार कोण आणि कुठून? ज्याला हौस होती त्याने घरचीच गाडी उतरवली. मद्रासजवळ शोलावरम येथे महायुद्धाच्या काळातली एक विमानांची धावपट्टी होती. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती तेथे भरू लागल्या. तिथे फियाट, हेरल्ड, अँबॅसेडर याच गाड्या, गॅरेजमध्ये रात्र रात्र जागून सुधारलेल्या, धावत असत.

या तिघींची तुलना आजही शिकण्याजोगी आहे. अँबॅसेडर दणकट आणि ऐसपैस. सात माणसे कोंबली तरी हूं की चूं करणार नाही. पण वजन अकराशे किलोच्या वर, त्यामुळे वळणावर अंग सावरता सावरता वेळ जाई. १९६१ पासून मिळू लागलेली हेरल्ड चपळ, अगदी थोड्या जागेत वळणारी. परंतु तिच्या मागच्या चाकांची जोडणी अशी, की जोरात वळताना चाक आत दुमडू पाही आणि नवख्याची तारांबळ उडे. फियाटचे इंजिन १०८९ सी.सी.चे, म्हणजे काही मोठे नव्हे; पण गाडीचे वजन नऊशे किलोच्या आसपास, पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा, मागे साधे पाटे, आणि गावोगावच्या मिस्त्रीला तिचा स्क्रू न् स्क्रू पाठ. म्हणून घर आणि मैदान या दोहोंचा मेळ तिनेच उत्तम घातला.

पुढे १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली आणि चित्र पालटले. इंजिन ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरांचे. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. आणि ओढ पुढच्या चाकांना. मातीत मागची चाके ढकलणारी गाडी शेपूट फिरवते, पुढची चाके ओढणारी गाडी नवख्याच्या हाती सहसा सरळ राहते. कोइंबतूरच्या करिवर्धन यांनी तर याच छोट्या इंजिनावर एका माणसाची स्वस्त शर्यतगाडी बांधली. फॉर्म्युला मारुती हे तिचे नाव. पुढे फॉर्म्युला वन या जागतिक शर्यतीत पोहोचलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन याचे आरंभीचे धडे याच गाडीवर झाले. त्यानंतर १३०० सी.सी.ची मारुती एस्टीम आली. ती २००७ मध्ये बंद झाली, तरी हौशी शर्यतवाल्यांनी तिला जुन्या बाजारातून शोधून शोधून वर्षानुवर्षे पळवले.

मंडळी, या सगळ्या इतिहासाचा अर्क एका वाक्यात सांगायचा तर असा : जिंकली ती सर्वांत जोरकस गाडी नव्हे; जिंकली ती हलकी, साधी आणि ज्याच्या त्याच्या गावात दुरुस्त होणारी गाडी. तुमच्या निवडीचा पहिला नियम हाच. तुमच्या तालुक्याच्या गावी जिचे सुटे भाग मिळत नाहीत आणि जिचा जाणकार मिस्त्री नाही, ती गाडी कितीही देखणी असो, तिला लांबूनच रामराम करा.

दुसरा नियम पैशाचा. तुमच्याजवळ शंभर रुपये असतील, तर साठाची गाडी घ्या आणि चाळीस हातात ठेवा. त्या चाळिसांतून पहिला खर्च ब्रेकचा, दुसरा टायरांचा, तिसरा शॉकॲब्सॉर्बरचा. इंजिनाची ताकद वाढवण्याचा विचार सर्वांत शेवटी, आणि केला नाही तर उत्तमच. ज्या पैशाने गाडी थांबते, तो पैसा घराच्याही कामी येतो.

तिसरा नियम पारखण्याचा. गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिन थंड असताना चालू करून बघा. आधीच गरम करून ठेवले असेल तर मालकाला कारण विचारा. धूर निळसर आला तर इंजिन ऑइल जाळते आहे. ऑइलचे झाकण उघडा. आत दुधासारखा फेस दिसला तर पाणी तेलात मिसळत असण्याचा संभव आहे. ब्रेकवर पाय दाबून मिनिटभर तसाच ठेवा. पेडल हळूहळू खाली बसत गेले तर ब्रेकमध्ये दोष आहे. चारही टायर हाताने चाचपा. एकच कड झिजलेली असेल तर चाकांची ठेवण बिघडली आहे, किंवा गाडी कधीतरी आपटली आहे. पायाखालची मॅट उचलून गंज बघा. बॉनेट उघडून शॉकॲब्सॉर्बर जिथे बसतात त्या जागा बघा. मैदानातले सगळे हिसके तिथेच पोहोचतात. जोडलेल्या पत्र्याची खूण दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा. आणि मागच्या बाकावरचे पट्टे ओढून बघा. मुले तिथे बसणार आहेत.

चौथा नियम कागदांचा. आरसी बुकावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. बँकेचा बोजा उतरला आहे ना, याची खात्री करा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. जुन्या गाडीत हा खर्च आधीच धरा. नाव बदलण्याचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सह्या होऊन हाती आल्याशिवाय शेवटचा पैसा देऊ नका.

आता थोडे कायद्याचे आणि काळजीचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सरकारच्या संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. हमरस्त्यावर पोरांनी चढाओढ करणे ही हौस नव्हे, तो आत्मघात आहे, आणि कधीकधी परघातही. दुसरी गोष्ट पुष्कळांना माहीत नसते : मोटारीची नेहमीची विमा पॉलिसी संघटित शर्यतीतले नुकसान भरून देत नाही. मैदानात गाडी मोडली तर ती आपल्याच खिशातून उभी करावी लागते. म्हणून भाग घेण्यापूर्वी आयोजकांनी परवानगी, रुग्णवाहिका आणि विमा यांची काय सोय केली आहे, ते न लाजता विचारा. बैलगाडी शर्यतीचेच उदाहरण घ्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या थांबवल्या. २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्राला परवानगी मिळाली ती नियम-अटींसह, आणि मे २०२३ मध्ये त्यासाठीचा राज्याचा कायदाही न्यायालयाने उचलून धरला. नियमाने चाललेला खेळ टिकतो. बेबंद खेळ स्वतःबरोबर दुसऱ्यांनाही बुडवतो.

शेवटची गोष्ट जरा नाजूक आहे. मैदानाची चटक लागली, की माणूस गाडीतून एकेक वस्तू काढू लागतो. आज मागचा बाक, उद्या गालिचा, परवा दारांची अस्तरे. मग कोणी सांगतो, आत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवा. वरच्या दर्जाच्या शर्यतीत तो लागतो आणि तेथे तो जीवही वाचवतो, कारण चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असते. पण त्याच पिंजऱ्याच्या गाडीत उघड्या डोक्याचे मूल बसले आणि गाडीला धक्का लागला, तर तीच नळी त्याच्या कपाळी बसते. तेव्हा सीमारेषा येथे आखून ठेवा : पिंजरा बसला, त्या दिवशी ती गाडी घरची राहिली नाही. मग दुसरी गाडी घ्यावी, किंवा तेवढ्यावरच थांबावे.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या मैदानात चार वीटकरी मांडून सायकलींची अशी वळणांची शर्यत घ्या. एक मूल वेळ मोजील, दुसरे वजन आणि वेग यांचा मेळ वहीत मांडील. भौतिकशास्त्राचा धडा पोरांच्या अंगात उतरेल आणि ब्रेक हा भित्र्याचा नव्हे, शहाण्याचा मित्र आहे, हेही त्यांना कळेल.

आणि तुम्ही गाडी घ्यायला निघालात, तर गड्ड्यातल्या त्या शेतकऱ्याला स्मरा. दात बघा, खूर बघा, चार पावले चालवून बघा. "पळते कशी?" हे शेवटी विचारा. रविवारी ती शर्यतीत पाचवी आली तरी चालेल. सोमवारी सकाळी पहिल्या किल्लीला चालू होऊन तिने सगळ्यांना सुखरूप बाजाराला नेले पाहिजे. खरी ढाल तीच.