वायन घराण्याची पदककला आणि असईची लढाई

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात शिलालेख, ताम्रपट, नाणी व दप्तरे यांचा साधन म्हणून सर्रास उपयोग होतो. पदकांकडे मात्र सहसा शोभेची वस्तू म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात इंग्लंडमधील वायन या मुद्रा व पदके कोरणाऱ्या घराण्याच्या एका पदकाचा ऐतिहासिक साधन म्हणून विचार केला आहे.

मूळचे जर्मनीतील कोलोनचे हे घराणे अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये स्थिरावले. मुद्रेसाठी असो वा पदकाच्या ठशासाठी, आकृती उलटी व खोलगट कोरावी लागते. त्यामुळे दोन्ही कामे एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालली. थोरला थॉमस वायन १८१६ मध्ये राजमुद्रांचा मुख्य कोरक झाला. त्याच्या पुत्राने, धाकट्या थॉमसने, वॉटर्लूचे पदक घडविले. पुतण्या विल्यम (१७९५-१८५१) हा १८२८ मध्ये शाही टांकसाळीचा मुख्य कोरक झाला. कंपनी सरकारच्या १८४० च्या रुपयावरील व्हिक्टोरिया राणीचे मुख त्याचेच होय.

१८५१ मध्ये मंजूर झालेल्या ‘आर्मी ऑफ इंडिया’ या रौप्यपदकावरही विल्यमने कोरलेले राणीचे मुख आहे. पदकासोबत लढायांच्या नावांच्या एकूण २१ पट्ट्या होत्या. त्यांत असई, आडगाव, गाविलगड, खडकी, कोरेगाव ही आपली गावे येतात. असई आज जालना जिल्ह्यात आहे. १ मे १९८१ पूर्वी हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे.

हे पदक केवळ हयात सैनिकांना, त्यांनी अर्ज केल्यावर मिळाले. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी झाली. म्हणजे सन्मान ४८ वर्षांनी आला. त्या दिवशी विसाव्या वर्षी लढलेला शिपाई तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता. वेलस्लीच्या सैन्यातील ४२८ जण रणांगणावर पडले. पदकाच्या कडेवर त्यांची नावे येणे शक्यच नव्हते. शिंदे व भोसले यांच्या बाजूने लढलेल्यांचा तर प्रश्नच उद्भवत नाही.

तात्पर्य, कडेवरील नावे ही लढणाऱ्यांची नव्हे, तर अर्धशतक जगून अर्ज करू शकलेल्यांची यादी आहे. कोरकाचे कौशल्य निर्विवाद असले, तरी कोणाचे नाव कोरायचे हे त्याच्या हाती नव्हते. म्हणून असे पदक अभ्यासताना त्यावरील नावांइतकाच त्यावर नसलेल्या नावांचाही शोध घेणे आणि त्याला मराठी दप्तरांची व स्थानिक परंपरेची जोड देणे अगत्याचे ठरते.