त्र्याहत्तर पराभवांचा मोसम

मोठा पराभव झाला की ‘पानिपत झाले’ असे म्हणण्याची मराठी माणसाची सवय जुनी आहे. निवडणुकीत एखाद्या पक्षाचे पानिपत होते, परीक्षेत विद्यार्थ्याचे होते आणि क्रीडांगणावर संघाचेही होते. हा शब्द वापरताना त्यामागे इतिहासाने शिकवलेली एक गोष्ट मात्र आपण बहुधा विसरतो. १४ जानेवारी १७६१ या एका दिवसापुरते पानिपत पाहून कोणताही इतिहासकार थांबत नाही. तो मागे जातो. रसद, पैसा, दुरावलेले मित्र, लांबलेली मोहीम या साऱ्यांचा हिशेब मांडतो; आणि रणांगणावर जे घडले त्याची तयारी कितीतरी आधीपासून होत आली होती, असे त्याला दिसून येते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या एका बास्केटबॉल संघाची कथा याच दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १९७२-७३ च्या मोसमात हा संघ ८२ सामने खेळला आणि त्यांपैकी ७३ हरला.

बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने काढला. दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू, दहा फूट उंचीवर बसवलेली कडी आणि तिच्यातून चेंडू टाकण्याची चढाओढ, असे त्याचे साधे स्वरूप. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवरून तो परिचयाचा आहे. अमेरिकेत मात्र तो मोठा व्यवसाय आहे. ‘नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन’ या तेथील प्रमुख संघटनेतील प्रत्येक संघ ऑक्टोबरपासून वसंत ऋतूपर्यंत गावोगाव फिरत ८२ साखळी सामने खेळतो. या खेळात बरोबरी नसते. गुण सारखे झाले तर निकाल लागेपर्यंत जादा वेळ खेळावे लागते. त्यामुळे प्रत्येक रात्रीच्या अखेरीस कोणीतरी हरलेलाच असतो, आणि त्या हारेची नोंद कायमची होते.

फिलाडेल्फियाच्या संघाचे नाव ‘सेव्हंटी-सिक्सर्स’. १७७६ साली अमेरिकेचे स्वातंत्र्यपत्र याच शहरात संमत झाले, त्याची आठवण या नावात आहे. संघ मूळचा न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूजचा. १९६३ साली तो फिलाडेल्फियात आला. चार वर्षांतच त्याने वैभवाचे शिखर गाठले. १९६६-६७ च्या मोसमात त्याने ८१ पैकी ६८ सामने जिंकले आणि बोस्टन सेल्टिक्स या संघाची सलग आठ अजिंक्यपदांची परंपरा खंडित केली. सात फुटांहून अधिक उंचीचे विल्ट चेंबरलेन, अचूक नेमबाज हॅल ग्रीअर, चेट वॉकर, ल्यूक जॅक्सन आणि तरुण बिली कनिंगहॅम असे एकाहून एक सरस खेळाडू त्या संघात होते. संघटनेच्या पहिल्या पस्तीस वर्षांतील सर्वश्रेष्ठ संघ म्हणून पुढे १९८० साली याच संघाची निवड झाली.

अशा संघाला सहा वर्षांत तळ गाठावा लागला, तो कसा? एका धक्क्याने हे झाले नाही. भिंतीतून एक एक वीट निघत जावी आणि घरात राहणाऱ्यांना भिंत अजून उभी आहे असेच वाटत राहावे, तसे हे घडले. १९६८ च्या वसंतात बोस्टनविरुद्धच्या लढतीत फिलाडेल्फियाने ३-१ अशी आघाडी घेतली होती. तरी ती लढत त्यांनी गमावली. प्रशिक्षक ॲलेक्स हॅनम निघून गेले. त्याच उन्हाळ्यात चेंबरलेन यांना लॉस एंजेलिस लेकर्स संघाकडे धाडण्यात आले आणि बदल्यात तीन खेळाडू घेण्यात आले. तिघे मिळूनही एका चेंबरलेनची जागा भरून निघणार नव्हती. पुढच्या मोसमात ल्यूक जॅक्सन यांच्या पायाला गंभीर दुखापत झाली आणि त्यांचा पूर्वीचा खेळ पुन्हा दिसला नाही. १९६९ मध्ये चेट वॉकर शिकागोला गेले. दरवर्षी महाविद्यालयांतून नवे खेळाडू निवडण्याची संधी प्रत्येक संघाला मिळत असते. पण या काळात फिलाडेल्फियाने पहिल्या फेरीत निवडलेल्या तरुणांपैकी एकही संघाचा आधारस्तंभ होऊ शकला नाही. जुने गेले आणि नवे उभे राहिले नाहीत.

विजयांचे आकडे ही गोष्ट स्पष्टपणे सांगतात. १९६७-६८ मध्ये ६२, त्यानंतर ५५, मग ४२. १९७०-७१ मध्ये ४७ विजयांनी थोडी उभारी दिली. पण १९७१-७२ मध्ये संघ ३० वर आला. एकंदरीत खचत चाललेल्या या आकड्यांकडे पाहून सावध होण्यास वाव होता. परंतु प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी कोणाला ना कोणाला शहाणपणाचाच वाटत असतो. त्यांची बेरीज करणारा हिशेबनीस पुष्कळदा उशिरा येतो.

१९७२ च्या उन्हाळ्यात उरलेसुरले खांबही निखळले. चार वर्षे प्रशिक्षक असलेले जॅक रॅम्से बफेलोच्या संघाकडे गेले. १९६७ साली निघालेल्या ‘अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन’ या प्रतिस्पर्धी संघटनेतील कॅरोलायना कूगर्स या संघाशी बिली कनिंगहॅम यांनी पूर्वी करार केलेला होता. पुढे त्यांचे मन बदलले. पण प्रकरण न्यायालयात गेले आणि त्यांना करार पाळावा लागला. त्या वर्षी त्या संघटनेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यांना मिळाला. फिलाडेल्फियाने काय गमावले, याचे माप याहून वेगळे काढण्याची गरज नाही.

रॅम्से यांच्या जागी रॉय रुबिन आले. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी चांगले नाव मिळवले होते. व्यावसायिक संघाचा अनुभव मात्र त्यांना नव्हता. विद्यार्थ्यांचा संघ हाताळणे आणि वर्षानुवर्षे या व्यवसायात मुरलेल्या खेळाडूंना हाताळणे यांत मोठे अंतर असते. ते तोडण्यासाठी वेळ आणि हाताशी चांगले खेळाडू लागतात. रुबिन यांच्यापाशी यांतले काहीच नव्हते.

मोसम सुरू झाला आणि फिलाडेल्फिया पहिले पंधरा सामने ओळीने हरले. सोळाव्या सामन्यात, ११ नोव्हेंबर १९७२ रोजी, ह्यूस्टनविरुद्ध त्यांना ११४-११२ असा पहिला विजय मिळाला. दोन गुणांच्या त्या निसटत्या जयानंतर पुन्हा पराभवांची रांग लागली. जानेवारी १९७३ मध्ये रुबिन यांना दूर करण्यात आले तेव्हा संघाच्या खात्यावर ४ विजय आणि ४७ पराभव होते. व्यावसायिक संघाचे प्रशिक्षकपद त्यानंतर पुन्हा त्यांच्या वाट्याला आले नाही.

सूत्रे केव्हिन लॉगरी या संघातल्याच ज्येष्ठ खेळाडूकडे आली. आधीच्या नऊ पराभवांत आणखी अकरांची भर पडली आणि सलग वीस पराभवांचा, त्या वेळचा एक नवा उच्चांक झाला. मग अनपेक्षित असे काही घडले. १४ फेब्रुवारी रोजी त्यांनी मिलवॉकी बक्स या बलाढ्य संघाला १०६-१०४ असे हरवले. त्या सामन्यापासून सात सामन्यांत पाच विजय मिळाले. चार महिन्यांत जेमतेम चारदा जिंकलेल्या संघाने पंधरवड्यात पाचदा जिंकावे, हे नवलच होते. ते नवल टिकले नाही. शेवटचे तेरा सामने पुन्हा ओळीने गेले आणि मोसमाचा हिशेब ९ विजय, ७३ पराभव असा मिटला. स्वतःच्या शहरात ५, परगावी २ आणि तटस्थ मैदानांवर २, अशी त्या नऊ विजयांची वाटणी होती. गटात पहिल्या आलेल्या बोस्टनने त्याच मोसमात ६८ सामने जिंकले.

आकड्यांच्या या राशीखाली माणसे होती. हॅल ग्रीअर यांचेच उदाहरण घ्यावे. १९५८ साली सिरॅक्यूजमध्ये ते या संघात आले आणि पंधरा वर्षे याच एका संघाकडून खेळले. संघाबरोबर त्यांनी शहर बदलले, अजिंक्यपद पाहिले आणि आपल्या डोळ्यांदेखत एकेक सहकारी जाताना पाहिला. १९६७ च्या मुख्य पाच खेळाडूंपैकी शेवटपर्यंत उरले ते एकटे. या अखेरच्या मोसमात छत्तिसाव्या वर्षी त्यांना अवघ्या ३८ सामन्यांत खेळण्याची संधी मिळाली. निवृत्त झाले तेव्हा संघटनेत सर्वाधिक, म्हणजे ११२२, सामने खेळल्याचा विक्रम त्यांच्या नावावर होता. ज्याने इतके दिले त्याचा निरोपसमारंभ अशा वर्षी व्हावा, हा दैवाचा न्याय विचित्रच म्हणायचा.

लेरॉय एलिस आणि जॉन ट्रॅप यांची गोष्ट निराळी. १९७१-७२ मध्ये दोघेही लॉस एंजेलिस लेकर्सकडे होते. त्या संघाने त्या मोसमात सलग ३३ सामने आणि एकूण ६९ सामने जिंकून अजिंक्यपद मिळवले. पुढच्याच मोसमाच्या प्रारंभी दोघांची अदलाबदल होऊन ते फिलाडेल्फियात आले. हात तेच, कसब तेच, वयात एका वर्षाची भर. पण एका वर्षी ज्यांना हार म्हणजे काय ते क्वचितच कळले, त्यांना दुसऱ्या वर्षी जय म्हणजे काय याचा विसर पडला असावा. फ्रेड कार्टर यांनी त्या वर्षी सामन्यागणिक सरासरी २० गुण मिळवले. हरणाऱ्या संघात हे करण्यासाठी रोज नव्याने उमेद धरावी लागते. त्याची वेगळी नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

पुढे काय झाले हेही पाहिले पाहिजे. दुर्बळ संघांना नव्या खेळाडूंच्या निवडीत अग्रक्रम देण्याची या संघटनेची प्रथा आहे. तिच्यामुळे १९७३ साली फिलाडेल्फियाला पहिली निवड मिळाली आणि डग कॉलिन्स संघात आले. १९७४ मध्ये कनिंगहॅम परतले. १९७६ मध्ये ज्युलियस अर्विंग आले आणि १९७७ साली संघ अंतिम लढतीपर्यंत पोहोचला. तेथे त्याला पराभूत करणाऱ्या पोर्टलंडच्या संघाचे प्रशिक्षक होते जॅक रॅम्से. अखेर १९८३ मध्ये, त्या काळ्या मोसमानंतर बरोबर दहा वर्षांनी, फिलाडेल्फियाने पुन्हा अजिंक्यपद मिळवले. तेव्हा प्रशिक्षक होते बिली कनिंगहॅम. लॉगरी यांचे नशीब तर त्याहून लवकर उघडले. ३१ सामन्यांत अवघे ५ जिंकू शकलेले हे प्रशिक्षक १९७३ मध्ये दुसऱ्या संघटनेतील न्यूयॉर्क नेट्सकडे गेले आणि पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, त्या संघाने तेथील अजिंक्यपद जिंकले. एका मोसमाच्या आकड्यावरून माणसाची पारख करणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याच शहरात, याच संघाच्या बाबतीत, कित्येक वर्षांनी या कथेचा एक उलटा पाठ पाहावयास मिळाला. २०१३ नंतर संघाच्या व्यवस्थापनाने अनुभवी खेळाडू इतर संघांना देऊन टाकले आणि भविष्यातील निवडीचे हक्क गोळा करण्याचे धोरण आखले. आज हरा म्हणजे उद्या उत्तम तरुण खेळाडू मिळतील, असा त्यामागचा हिशेब होता. २०१५-१६ मध्ये संघाने १० सामने जिंकले आणि ७२ गमावले. जुन्या नीचांकापासून तो केवळ एका विजयाने बचावला. हरण्यातून लाभ मिळवण्याची ही वाट अरुंद व्हावी म्हणून संघटनेने पुढे २०१९ पासून निवडीच्या सोडतीचे नियम बदलले आणि तळच्या संघांच्या वाट्याचा फायदा कमी केला.

दोन्ही मोसमांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत. पण त्यांचे स्वरूप भिन्न आहे. २०१६ चा पराभव वरच्यांनी पत्करलेला होता. त्याला योजना होती, समर्थन होते, उद्याचे आश्वासन होते. १९७३ चा पराभव कोणी मागितलेला नव्हता. सहा वर्षांत निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या कारणांनी घेतलेले निर्णय त्या एका वर्षी एकत्र फळाला आले. ज्यांनी ते घेतले त्यांतले बरेचजण तोवर दुसरीकडे गेले होते, आणि ज्यांना ते फेडावे लागले त्यांतल्या बहुतेकांचा त्यांत काडीचाही हात नव्हता. कर्ज एकाने काढावे आणि वसुलीचा तगादा दुसऱ्याच्या दारी यावा, असे व्यवहारात अनेकदा होते. क्रीडांगणही त्याला अपवाद नाही.

फिलाडेल्फियाच्या त्या खेळाडूंनी हा तगादा ८२ वेळा सोसला. बोस्टन असो, मिलवॉकी असो, पहिला सामना असो की शेवटच्या तेरांपैकी एखादा, ठरल्या वेळी पाच खेळाडू मैदानावर उतरत राहिले आणि अठ्ठेचाळीस मिनिटे खेळत राहिले. विक्रमांच्या पुस्तकात त्यांच्या नावापुढे ९ आणि ७३ हे दोनच आकडे आहेत. इतिहास लिहिणाऱ्याने त्यांच्याजवळ तिसराही एक आकडा लिहून ठेवावा, तो ८२ चा.