पार्ल्याजवळ गाडीतले दिवे का जायचे?

मंडळी, हवामानबदल म्हटलं की आपल्याला पूर आठवतो. शेजारच्या सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस पार्लेकर विसरलेले नाहीत. पण आज आम्ही बोलणार आहोत ते विजेबद्दल, आणि तेही लोकलच्या.

२०१२च्या आधी रोज चर्चगेट गाठणाऱ्यांना आठवेल. पार्ल्याच्या आसपास चालत्या गाडीत दिवे-पंखे क्षणभर बंद व्हायचे. कुणी वर पाहायचं, कुणी पेपरात डोकं तसंच ठेवायचं. गाडी त्या क्षणी एका वीजपद्धतीतून दुसरीत जात असे. पार्ल्याच्या दक्षिणेला १५०० व्होल्टचा डीसी, उत्तरेला २५,००० व्होल्टचा एसी.

हा डीसी जुना. कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली ५ जानेवारी १९२८ला. इंजिनाचा धूर गेला, लोक खूश. (जीआयपी रेल्वेवर मात्र धूर नुसताच हलला, तिचं कोळशाचं वीजघर ठाकुर्लीला होतं.) पण व्होल्ट कमी, म्हणून तारेतून प्रवाह जास्त, आणि प्रवाह दुप्पट झाला की तारेत वाया जाणारी वीज चौपट. शिवाय जुनी गाडी सुटताना बरीचशी वीज रोधकांत नुसती उष्णता होऊन जाई. ब्रेक लागला की राहिलेला वेगही तसाच, उष्णता होऊन.

२००७पासून आलेल्या नव्या गाड्यांत ब्रेक लावला की मोटरच जनित्र होते आणि वीज तारेत परत देते. डीसीमध्ये ती घ्यायला जवळपास दुसरी गाडी धावत असावी लागे. एसीमध्ये ती उपकेंद्रातून पुढेही जाऊ शकते. चर्चगेट ते विलेपार्ले हा उरलेला तुकडा ५ फेब्रुवारी २०१२ला, रविवारी, बदलला. पार्ल्याजवळ दिवे जायचे थांबले. आमच्या मते, हवामानासाठी या शहरात झालेल्या मोठ्या कामांपैकी हे एक. पण त्याला तसं कुणी म्हटलं नाही. केलं होतं ते खर्च वाचावा आणि गाड्या वाढाव्यात म्हणून.

आता अडचणीचा भाग. मार्च २०२२मध्ये महापालिकेचा हवामान कृती आराखडा आला. २०५०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, हे त्याचं उद्दिष्ट. त्यातला २०१९चा हिशेब पाहा: उत्सर्जनातला साधारण ७० टक्क्यांहून अधिक वाटा आपल्या इमारतींत वगैरे वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा, मुख्यतः विजेचा. सगळी वाहतूक मिळून सुमारे २० टक्के. म्हणजे रुळांवर वाचवलं ते घरात उडवतो आपण. रुळांवर एसी आला वीज वाचवायला, आणि घरात... (हशा) हसा, पण पार्ल्यात सध्या काय पाडलं जातंय ते बघा. तीन मजली इमारती, समोर गॅलरी, मागे खिडकी, आरपार वारा. त्या जागी येतंय काय, तर खोलीगणिक एक यंत्र. त्या गॅलऱ्या कुणी, कशा बांधल्या, ते पुढच्या मंगळवारी.