केडगावच्या माळावरची मुक्ती



माझा विषय रसायनशास्त्र. इतिहास हा केवळ हौसेचा. तरीही या अंकासाठी इतिहासच निवडला आहे, कारण आपल्या मंडळात हिंदू कुटुंबे आहेत तशी नगर-सोलापूरकडची ख्रिस्ती कुटुंबेही आहेत, आणि पंडिता रमाबाई या दोघांच्याही आहेत. त्यांच्याविषयी आपल्याला साधारण तीन गोष्टी ठाऊक असतात: संस्कृतच्या पंडिता, विधवांची शाळा आणि धर्मांतर. तिसऱ्या गोष्टीपाशी आपले बोलणे बहुधा थांबते. त्यांनी खरे काम केले ते त्यानंतर.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष पत्करला होता. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब फिरे. पुढे मद्रास इलाख्यातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण थोड्याच काळात गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास मैलोन् मैल पायी हिंडले. उपासमार म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते.

१८७८ साली कलकत्त्याला पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ पदवी दिली. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी लग्न केले. १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. पदरात लहानगी मनोरमा. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापला आणि १८८३ मध्ये वैद्यकी शिकण्याच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या.

तिथे वाँटेज येथील जोगिणींकडे त्या राहिल्या. या भगिनींनी लंडनजवळ फुलम येथे वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी घर चालवले होते. समाजाने ओवाळून टाकलेल्या बायकांची प्रतिष्ठित घरच्या स्त्रिया मायेने सेवा करतात, हे रमाबाईंनी तिथे पाहिले. असे का, या प्रश्नाला उत्तर म्हणून एका भगिनीने त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या धर्माने त्यांना ओढले त्यात तत्त्वचर्चेइतकाच फुलमच्या त्या घराचा वाटा होता.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या. पुढे इथेच त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गावोगाव व्याख्याने दिली. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. ठिकठिकाणी ‘रमाबाई सर्कल’ निघाली. सभासदांनी दहा वर्षे दरवर्षी वर्गणी देण्याचे वचन दिले. सर्वसामान्य घरांतल्या छोट्या रकमांवर आपल्याकडची एक मोठी संस्था उभी राहिली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढल्या वर्षी पुण्याला हलले. शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरले होते. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. यावरून ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती खोटी म्हणता येणार नाही. पण रमाबाईंचेही म्हणणे होते की मी कुणाला बोलावत नाही, मात्र आपले दारही बंद करणार नाही.

याच सदनातील पहिल्या विद्यार्थिनींपैकी विधवा गोदूबाईंशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचे काम सुरू केले. शारदा सदनावरचा हिंदू समाजाचा विश्वास उडालेला असताना अशा संस्थेची गरज होतीच. एका दिव्यावर दुसरा दिवा लागतो तो असाही!

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. निराधार मुलींवर किती प्रकारचे हात टपलेले असतात, हे त्यांनी मदत छावण्यांत पाहिले. सुमारे तीनशे मुली-बायकांना त्यांनी आणले. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, तेव्हा दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय केली. हेच ‘मुक्ती’. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार तोंडे रोज भरायची म्हणजे नुसती दया पुरत नाही. विहिरी खणल्या, शेती आणि गुरे राखली, विणकाम व तेलघाणी सुरू केली, छापखाना घातला आणि तो बायकांनीच चालवला. अंध मुलींसाठी वेगळे सदन होते. त्यांना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. फुलमला पाहिलेले घर केडगावला असे उभे राहिले.

केडगावला बायबल शिकवले जाई आणि पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. अन्न देणाऱ्या हाताकडून आलेला धर्म भुकेल्या मुलीने कितपत मोकळेपणाने निवडला, हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण ख्रिस्ती झाल्या म्हणून रमाबाई सरकारच्या मिंध्या झाल्या नाहीत, हेही त्याबरोबरच सांगायला हवे. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिले आणि प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले. धर्मगुरूंशीही त्या आपली मते राखून वाद घालत.

मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात त्यांची शेवटची वर्षे गेली. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही. केडगावची संस्था आजही चालू आहे.

मला यातून एवढेच उमगते की आपली श्रद्धा कोणतीही असो, तिची परीक्षा दारात उभ्या असलेल्या माणसापाशी होते. तिथे रमाबाईंनी आधी जात किंवा चारित्र्य विचारले नाही, आधी जेवायला वाढले. आणि परदेशातल्या वर्गणीचे मोल पाहायचे असेल तर बॉस्टनची ती यादी आठवावी. आपल्या मंडळाच्या मदतनिधीचा डबा फिरेल तेव्हा रक्कम लहान म्हणून कुणी संकोचू नये.