लांब पात्याचा हट्ट

अलास्कात नदीपात्रातल्या गोट्यांच्या पट्ट्यांवर छोटी विमाने उतरवणाऱ्यांत एक मत सूत्रासारखे रूढ आहे : प्रोपेलर जितका लांब आणि त्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात न घसरता पुढे जाण्याचे अंतर, जितका कमी, तितका तो रानात चांगला. पायपर सुपर कबच्या दीडशे अश्वशक्तीच्या लायकमिंग इंजिनावर बसणारा ८२ इंच व्यासाचा, ४१ इंच पिचचा ‘बोरर’ हे या सूत्राचे आराध्यदैवत. सुपर कब मलाही अतिशय प्रिय आहे. म्हणूनच हे सूत्र बिनतपास सोडवत नाही.

पूर्वपक्ष पोकळ नाही. इंजिनाची पूर्ण शक्ती मिनिटाला २७०० फेऱ्यांना मिळते. जास्त पिचचा प्रोपेलर उभ्या विमानात इंजिनाला दाबून धरतो आणि उड्डाणाच्या ऐन धावेत शक्ती अडकून राहते. पिच कमी केला की इंजिन मोकळे होते. व्यास वाढवला की जास्त हवा कमी वेगाने मागे लोटली जाते आणि त्याच शक्तीत रेटा वाढतो. राइट बंधूंनी १९०३ साली साडेआठ फुटांचे दोन प्रोपेलर साखळीने जोडले, ते याच तत्त्वावर. हे सारे मला मान्य आहे.

पण राइटांचे प्रोपेलर मिनिटाला सुमारे साडेतीनशेच फेरे घेत. ती संथ गती सूत्रातून गळाली कशी? सुपर कबला गिअरबॉक्स नाही. इंजिनाचे फेरे तेच प्रोपेलरचे. ८२ इंची पात्याचे टोक २७०० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे २९४ मीटर धावते. १५ अंश तापमानात ध्वनीचा वेग ३४० मीटर असतो, म्हणजे टोक त्याच्या ८६ टक्क्यांवर. आता तेच विमान स्की लावून उणे ४० अंशांत उभे करा. ध्वनीचा वेग ३०६ मीटरवर उतरतो आणि टोक ९६ टक्क्यांवर पोहोचते. तिथे पात्यावर आघात-तरंग उठतात, अवरोध झपाट्याने वाढतो, शक्ती वाया जाते आणि गोंगाट वाढतो. ज्या हिवाळ्यासाठी विमान सजवले, त्याच हिवाळ्यात लांबी उलटते.

बरे, लांबीची कमाई तरी किती? ७४ इंचांऐवजी ८२ इंच घेतले, तर त्याच शक्तीत उभ्या विमानाचा आदर्श रेटा सुमारे ७ टक्के वाढतो. पण जमिनीवरची धाव रेट्याच्या व्यस्त प्रमाणात बदलते, तर वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात. ७९४ किलोंच्या पूर्ण भारातून २७ किलो खाली ठेवले की तेवढीच धाव वाचते. एक पेटी मागे ठेवण्याचे काम आठ इंच धातूकडून का करून घ्यायचे? पिच कमी केल्याचा लाभ मात्र वेगळा आहे. तो मी नाकारत नाही.

त्याची किंमत वाटेत मोजावी लागते. ४१ इंच पिचचा प्रोपेलर २७०० फेऱ्यांना, अजिबात न घसरता, ताशी जेमतेम १७० किलोमीटर पुढे जाईल. २४५० फेऱ्यांना दीडशेच्या आसपास. वेग हवा तर इंजिन सतत चढे ठेवायचे. नाक किंचित खाली केले की फेरे लाल रेषेकडे धावतात. धाव अर्ध्या मिनिटात संपते. समोरून वारा आणि मध्ये एकही पंप नसलेला प्रवास तीन तासांचा असतो. इंधन कोणत्या हिशेबात धरले?

यावर कोणी म्हणेल, रानाला रानाचेच नियम. मग खास रानासाठी बांधलेल्या विमानाची साक्ष काढू. डी हॅविलँड कॅनडाने बीव्हर आखण्याआधी बुश, म्हणजे रानात उडणाऱ्या, वैमानिकांनाच विचारले होते. १६ ऑगस्ट १९४७ रोजी ते पहिल्यांदा उडाले. त्याच्यावरही साडेआठ फुटांचाच प्रोपेलर असतो आणि उड्डाणाच्या वेळी त्याची टोकेही कर्कश ओरडतात. पण त्याचा पिच उडताना बदलता येतो. विमान चढले की वैमानिक फेरे दोन हजारांच्या खाली आणतो आणि पाते हवेचा मोठा घास घेऊ लागते. कर्कशपणा मिनिटा-दोन मिनिटांपुरता राहतो. बोररला ही सवड कधीच नाही.

अर्थात, असा प्रोपेलर जड आणि महाग. हलक्या कबच्या नाकावर त्याचे वजन जाणवते. ज्याचा पट्टा तळापासून वीस मिनिटांवर आहे, उन्हाळ्यातच उडायचे आहे आणि गोट्यांपासून पाते वाचवणारे मोठे टायर आहेत, त्याने खुशाल बोरर लावावा. ज्याला हिवाळ्यात तीनशे किलोमीटर पलीकडच्या गोठलेल्या तळ्यावर एका सोबत्यासह जायचे आहे, त्याने आखूड आणि जास्त पिचचा घ्यावा, आणि उरलेली पेटी दुसऱ्या खेपेत न्यावी.