गोदावरीचें आरोग्य आणि तिचीं दप्तरें

नदीच्या आरोग्याची चौकशी हा रसायनशास्त्रज्ञांचा व सरकारी खात्यांचा विषय असून जुन्या कागदांच्या शोधकांस त्यांत कर्तव्य नाहीं, असा समज सर्वत्र आढळतो. आमच्या मतें हा समज टिकण्यासारखा नाहीं. नदी बिघडली कीं सुधारली हें ठरविण्यास ती पूर्वीं कशी होती हें ठाऊक असावें लागतें, आणि त्याचें उत्तर कागदांवांचून मिळत नाहीं. नाशिकची गोदावरी व तिच्या खालच्या अंगास निफाड तालुक्यांत असलेली नांदूरमध्यमेश्वरची पाणथळ यांच्यावरून हें चांगलें दाखवितां येतें. येथें पाणी एक आहे, परंतु त्याचीं दप्तरें अनेक आहेत. आणि तीं एकमेकांशीं ताडून पाहण्याची वहिवाट अलीकडची व अद्यापि अपुरी आहे. ही वहिवाट कशी पडत गेली, याचें संक्षिप्त टिपण येथें देत आहों.

(१) जुने दाखले

नाशिकच्या पाण्याविषयींचे सर्वांत जुने लेख दगडांत कोरलेले आहेत. त्रिरश्मि डोंगरावरील, म्हणजे पांडवलेण्यांतील, क्षहरात नहपानाचा जांवई उषवदात याच्या लेखांत तापी, दमणा इत्यादि नद्यांवर त्यानें धर्मार्थ नावा ठेविल्याचा, तसेंच लेणें व पाण्याचीं टांकीं करविल्याचा उल्लेख आहे. आभीर ईश्वरसेनाच्या कारकीर्दींतील लेखांत गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेविलेल्या कायम ठेवीची नोंद असून, त्या श्रेणींपैकीं एकीचें नांव ‘ओदयंत्रिक’ असें आहे. जलयंत्रें करणारे किंवा चालविणारे कारागीर, असा त्याचा अर्थ विद्वानांनीं लाविला आहे. तो मान्य केल्यास, पाण्याच्या कामांत वाकबगार असलेली व लोकांचा पैसा विश्वासानें सांभाळणारी संघटित मंडळी इ. स. च्या तिसऱ्या शतकांत या भागांत होती, असें म्हणावें लागतें.

त्यानंतरचा मोठा पुरावा कुंडांचा. सन १८८३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरांत रामकुंड १६९६ सालीं चित्रराव खटावकर यांनीं बांधिल्याचें व पुढें माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनीं त्याची दुरुस्ती केल्याचें दिलें आहे. पात्रांतील इतर कुंडांच्याहि अशाच नोंदी तेथें आहेत. या नोंदींचें खरें मोल आजवर घाट बांधणाऱ्यांच्या कीर्तीपुरतें मानलें गेलें. परंतु नदीच्या पात्राचा तळ कोणत्या काळीं कोणीं कसा बदलला, याचाहि हा एकुलता एक लेखी पुरावा आहे. याचें महत्त्व पुढें दिसून येईल.

पुराचें माप लोकांनीं आपल्या रीतीनें ठेविलेंच होतें. पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यास, कमरेस, छातीस कीं गळ्यास लागलें, यावरून नाशिककर आजहि पुराची मर्यादा सांगतात; आणि १८७२, १९६९, २००८ या सालांच्या मोठ्या पुरांची आठवण अशाच खुणांनीं टिकून राहिली आहे. मात्र या मापानें पाण्याची उंची कळते, त्याची प्रकृति कळत नाहीं.

(२) पाटबंधाऱ्यांचें दप्तर

सन १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर १९०१ ते १९०३ या काळांत नेमलेल्या पाटबंधारे कमिशनानें दुष्काळी मुलखांत संरक्षक कामें हातीं घेण्याची दिशा दाखविली. गोदावरी व कादवा यांच्या संगमाशीं नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा बांधला गेला तो विसाव्या शतकाच्या आरंभींच्या याच काळांत. आणि त्यास पाणी पुरविणारें दारणा धरण १९१६ सालीं पुरें झालें. येथून निघणारे उजवा व डावा कालवे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील कोपरगांवाकडील शेतीस पाणी देतात. जेथें पाणी वांटून द्यावयाचें तेथें तें मोजावें लागतें. यामुळें नदीच्या पाण्याची नियमित लेखी मोजणी हें पाटबंधारे खात्याचें काम होऊन बसलें. पुढें नाशिकच्या वरच्या अंगास गंगापूर धरण १९६५ सालीं पूर्ण झालें, आणि पैठण येथें जायकवाडी उभें राहिल्यावर वरचें पाणी व खालचें पाणी असा वाद एकाच राज्यांत सुरू झाला.

राज्याराज्यांमधील वादाचा निकाल गोदावरी जलतंट्याच्या लवादानें लाविला. हा लवाद १९६९ सालीं नेमला गेला व त्याचा अखेरचा निवाडा १९८० सालीं झाला. पैठणच्या वरचें पाणी वापरण्याचा महाराष्ट्राचा हक्क त्यांत मान्य झाला. राज्याच्या अंतर्गत वांटपासाठीं २००५ सालीं जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. आणि आतां दरसाल १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडींत किती सांठा आहे हें पाहून वरच्या धरणांतून पाणी सोडावयाचें कीं नाहीं याचा विचार होतो. एका तारखेची एक नोंद दोन प्रांतांच्या पिकांचें भवितव्य ठरवूं शकते, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. कागद खरा असला पाहिजे, व दोन्ही पक्षांस तो खरा वाटला पाहिजे.

या गरजेंतूनच खात्याखात्यांमधील सहकार्याचा एक मोठा प्रयत्न झाला. १९९५ सालीं जागतिक बँकेच्या साहाय्यानें जलविज्ञान प्रकल्प सुरू होऊन त्यांत दक्षिणेकडील ९ राज्यें सामील झालीं. पाण्याच्या नोंदी एका पद्धतीनें घ्याव्या, तपासाव्या व एके ठिकाणीं सांठवाव्या, हा त्याचा हेतु होता. महाराष्ट्रांतील या कामाचें मुख्य ठाणें नाशिकच होतें. १९५९ पासून महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था येथें असल्यानें अशा कामास ही जागा नवखी नव्हती.

(३) प्रदूषण मंडळाचें दप्तर

पाण्याच्या शुद्धतेचें दप्तर याहून बरेंच तरुण आहे. महाराष्ट्रानें जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा १९६९ सालीं केला व १९७० सालीं मंडळ स्थापिलें. राज्यघटनेप्रमाणें पाणी हा राज्यांचा विषय असल्यानें पार्लमेंटास त्यावर आपण होऊन कायदा करतां येत नव्हता; म्हणून कांहीं राज्यांनीं ठराव करून विनंति केल्यावर, घटनेच्या २५२ व्या कलमान्वयें, १९७४ चा मध्यवर्ती कायदा झाला. महाराष्ट्रानें तो नंतर स्वीकारला. सारांश, देशांतील जलपरीक्षेचा पायाच राज्यें व केंद्र यांच्या संमतीवर रचलेला आहे. केंद्रीय मंडळानें १९७८ पासून राष्ट्रसंघाच्या जागतिक योजनेशीं जोडून घेऊन नद्यांच्या पाण्याची देशव्यापी तपासणी आरंभिली, आणि राज्यमंडळें ठराविक ठिकाणचे नमुने घेऊन तींत भर घालूं लागलीं.

स्नानास योग्य पाण्याच्या कसोट्या ठरलेल्या आहेत. एक लिटर पाण्यांत विरघळलेला प्राणवायु ५ मिलिग्रॅम किंवा अधिक असावा, आणि घाण कुजवितांना जंतूंस लागणाऱ्या प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमच्या आंत असावी, या त्यांतील दोन मुख्य होत. केंद्रीय मंडळानें २०१८ सालीं देशांतील ३५१ नदीपट्टे दूषित ठरविले. त्यांपैकीं ५३ महाराष्ट्रांतील, म्हणजे सर्व राज्यांत अधिक, होते. आणि नाशिकजवळील सोमेश्वरापासून खालचा गोदावरीचा पट्टा अगदीं वाईट वर्गांत पडला. त्याच वर्षीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें प्रत्येक राज्यास पर्यावरण, नगरविकास, उद्योग व प्रदूषण मंडळ या चार खात्यांच्या अधिकाऱ्यांची नदी-पुनरुज्जीवन समिति नेमण्यास फर्माविलें. जीं खातीं स्वतः होऊन एका बैठकीस बसलीं नाहींत तीं हुकमानें बसलीं, असा याचा अर्थ.

येथें एक गोष्ट संशोधकांच्या भाषेंत सांगतों. पेशवेकालीन पत्रांत चंद्र व महिना असतो, पण साल नसतें. दुसऱ्या कागदाचा आधार व जंत्री यांवांचून अशा पत्राचें स्थान ठरत नाहीं. प्रयोगशाळेचा आंकडा नेमका असाच असतो. समजा, एका दिवशीं प्राणवायूची मागणी १० मिलिग्रॅम निघाली. नदी त्या दिवशीं सेकंदास १ घनमीटर वाहत असेल तर दिवसाचा भार ८६४ किलो होतो. १०० घनमीटर वाहत असेल तर तोच ८६,४०० किलो होतो. आंकडा एक, पण नदीवर पडलेलें ओझें शंभरपट निराळें. प्रवाहाचें माप पाटबंधाऱ्यांच्या वहींत आणि घाणीचें माप प्रदूषण मंडळाच्या वहींत असल्यामुळें, दोन्ही वह्या एकत्र उघडल्याशिवाय नदीच्या दुखण्याचें निदान होणें शक्य नाहीं. एकाच दिवशीं, एकाच जागीं दोन्ही मापें घेणें हें खात्यांचें खरें सहकार्य होय. बाकीचें पत्रव्यवहार होय.

(४) पाणथळीचें दप्तर

नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागें गाळ सांठला, उथळ पाणी पसरलें, बेटें झालीं, वनस्पति वाढल्या आणि पक्षी आले. जें पाटबंधाऱ्यांच्या दृष्टीनें सांठ्याचें नुकसान, तेंच पक्ष्यांच्या दृष्टीनें घर झालें. १९८६ सालीं तेथें अभयारण्य जाहीर झालें. तेव्हांपासून एकाच जागेवर दोन खात्यांचा संबंध आहे: पाणी किती ठेवावें व केव्हां सोडावें हें पाटबंधाऱ्यांकडे, पक्षी व वनस्पति वनखात्याकडे. शिवाय वरच्या शहरांचें सांडपाणी येथेंच येऊन विसावतें व त्यावर पाणवेली माजतात. त्याचा जाब नगरसंस्था व प्रदूषण मंडळ यांजकडे.

इराणांतील रामसर येथें १९७१ सालीं झालेल्या पाणथळविषयक करारांत भारत १९८२ सालीं सामील झाला. त्या करारान्वयें नांदूरमध्यमेश्वरची १,४३७ हेक्टर जागा २०१९ च्या जून महिन्याच्या तारखेनें नोंदली गेली व २०२० च्या जानेवारींत तें जाहीर झालें. महाराष्ट्रांतील अशी ही पहिली जागा होय. तिच्या नोंदपत्रकांत ५३६ जीवजाति दाखविल्या असून, त्यांत अत्यंत संकटग्रस्त असा एक लहान मासाहि आहे. हा मासा नाशिकजवळील देवळालीचें नांव धारण करतो आणि १९३८ सालीं होरा व मिश्र यांनीं त्याचें प्रथम वर्णन केलें. त्या जुन्या वर्णनाअभावीं आज काय नाहींसें होत आहे हें कोणासहि सांगतां आलें नसतें.

करारान्वयें असें नोंदपत्रक दर ६ वर्षांनीं नवें करावयाचें असतें, आणि जागेची प्रकृति बिघडल्यास तिची निराळ्या यादींत नोंद होते. नांदूरमध्यमेश्वरास कौतुकानें ‘महाराष्ट्राचें भरतपूर’ म्हणतात. परंतु खुद्द भरतपूरचें केवलादेव, पाण्याच्या टंचाईमुळें, १९९० सालीं त्या यादींत गेलें हें विसरतां कामा नये. हिंवाळ्यांतील पक्षिगणना, बंधाऱ्यांतील पाण्याची पातळी व पाण्याच्या शुद्धतेचे आंकडे हीं तीन टिपणें शेजारीं मांडल्याखेरीज पक्षी कमी कां झाले, या प्रश्नाचें उत्तर अंदाजापलीकडे जाणार नाहीं.

(५) नकाशाचा पुरावा

जुना कागद या कामीं किती उपयोगी पडतो याचें उदाहरण नाशिकांतच घडलें. २००३ च्या कुंभमेळ्याच्या वेळीं पात्रांतील कुंडांच्या तळांवर सिमेंट काँक्रीट घातलें गेलें; भुईंतून येणारे झरे त्याखालीं बुजले, अशी नदीप्रेमी नागरिकांची तक्रार होती. २०१२ सालीं गोदावरीच्या प्रदूषणाविषयीं मुंबई उच्च न्यायालयांत जनहित याचिका दाखल होऊन नागपूरच्या नीरी संस्थेचा सल्ला घेण्यांत आला व निरनिराळ्या खात्यांवर देखरेख ठेवण्यास विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालीं समिति झाली. कुंडें मूळ कोठें व कशीं होतीं हा प्रश्न आला तेव्हां १९१७ च्या भूमापन नकाशाचा आधार घेण्यांत आला, आणि पुढें कांहीं कुंडांवरील काँक्रीट काढण्याचें काम सुरू झालें. ज्या कारकुनानें व मोजणीदारानें तो नकाशा काढिला त्यांस नदीच्या आरोग्याची कल्पना असण्याचें कारण नव्हतें. तथापि त्यांनीं आंखलेल्या रेषा शंभर वर्षांनीं नदीच्या बाजूनें साक्ष देण्यास उपयोगी पडल्या.

(६) निष्कर्ष

वरील टिपणावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, सरकारी खात्यांचें सहकार्य बहुधा बाहेरच्या निमित्तानें घडून आलें: कोठें लवाद, कोठें करार, कोठें न्यायालयाचा हुकूम. दुसरी, हुकमाचा जोर ओसरल्यावरहि तें टिकावयाचें असेल तर त्यास समाईक दप्तराचा आधार हवा. समित्या बदलतात, वही राहते. तिसरी, ज्या नोंदी आज निरुपयोगी म्हणून बांधून ठेविल्या जातात त्यांतच नदीच्या निरोगी काळाचें माप आहे.

म्हणून आमची सूचना अशी. बंधाऱ्यांवरील पाणीमोजणीच्या जुन्या वह्या, कालव्यांचीं रोजटिपणें, नगरसंस्थांचे पाणीपुरवठ्याचे व आरोग्याचे वार्षिक अहवाल, भूमापनाचे नकाशे, घाटांच्या व कुंडांच्या दुरुस्तीचे हिशेब आणि पुराच्या खुणांचे लेख यांस संग्राहकांनीं बखरी व सनदा यांच्या बरोबरीनें अस्सल साधन मानावें. त्यांच्या याद्या कराव्या, आणि त्या याद्या नदीची तपासणी करणाऱ्या खात्यांस खुल्या असाव्या. उलटपक्षीं खात्यांनींहि मुदत संपली म्हणून अशा वह्या नष्ट करण्यापूर्वीं संशोधनसंस्थांस विचारावें. नाशिकास कुंभमेळा दर १२ वर्षांनीं येतो व त्या त्या वेळीं पात्रांत नवें बांधकाम होतें. त्या बांधकामापूर्वीं पात्र कसें होतें याचें टिपण आधीं करून ठेविलें, तर पुढच्या पिढीस तें नकाशांतून हुडकीत बसावें लागणार नाहीं.